पेट्रोल आणि टेंपरेचरचे दोन्ही काटे एकदम जास्त दाखवत असतील तर आधी स्टॅबिलायझरचं अर्थिंग बघा

तुमचं म्हणणं मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. वडिलांची १९६८ ची मॉरिस मिनी आहे, मधे तीन घड्याळांचं पॅनेल, गाडी ठाण्यात कोलशेत रोडला असते. टाकीत बारा-तेरा लिटर पेट्रोल असलं तरी काटा जवळपास फुल दाखवतो आणि घोडबंदरला पंधरा-वीस मिनिटं चालवली की टेंपरेचरचा काटा एच (हॉट) ला जाऊन टेकतो. मेकॅनिकने टेंपरेचरचा सेंडर (इंजिनवरून काट्याला माप पाठवणारा भाग) बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, तरी काही फरक नाही, आणि आता तो म्हणतोय की रेग्युलेटर गेलाय, कटआउट बदलून टाकू. म्हणून तुम्ही विचारलंय की मिनीचं कटआउट कुठे मिळेल.

कटआउट अजिबात घेऊ नका. इथे एका नावामुळे सगळा घोळ झालाय. रेग्युलेटर म्हटलं की आपल्याकडचा प्रत्येक वायरमन बोनेटखालच्या डब्याकडे बघतो, जो डायनॅमोचं चार्जिंग सांभाळतो, त्यालाच आपण कटआउट म्हणतो. तुमच्या गाडीत त्याशिवाय अजून एक छोटा रेग्युलेटर आहे, काडेपेटीपेक्षाही लहान पत्र्याची डबी, डॅशबोर्डच्या मागे लपलेली, आणि तिचं काम फक्त पेट्रोल आणि टेंपरेचरच्या काट्यांना ठरावीक १० व्होल्ट द्यायचं. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. तुमच्या गाडीत दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडलेल्या नाहीत, त्या दोन काट्यांच्या मागे जी एकच गोष्ट कॉमन आहे ती बिघडलीय, निदान नव्वद टक्के तरी मला तसंच वाटतंय. उरलेले दहा टक्के का, ते पुढे येईलच.

ही डबी मुळात असते कशाला हे समजलं की बाकीचं तुम्हालाच सुचेल. त्या काळातल्या स्मिथ्स कंपनीच्या गेजमध्ये, म्हणजे काट्याच्या घड्याळात, लोहचुंबक वगैरे काही नाही, आत एक दोन धातूंची पट्टी आहे आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. तारेतून करंट गेला की पट्टी गरम होऊन वाकते आणि काटा सरकतो. म्हणून चावी फिरवली की काटा टकन उडत नाही, सावकाश अर्धा-पाऊण मिनिट घेत वर चढतो. टाकीतला सेंडर म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटबरोबर बदलणारा रेझिस्टन्स, रिकाम्या टाकीला साधारण २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला वीस-तीस ओहम. पण करंट नुसत्या रेझिस्टन्सवर ठरत नाही ना, व्होल्टेजवरही ठरतो, आणि गाडीचं व्होल्टेज कधी १२, कधी १४, रात्री लाईट लावून सिग्नलला उभे राहिलात तर साडेअकरासुद्धा. मग तेवढ्याच पेट्रोलला काटा नाचत बसेल. म्हणून मधे ही १० व्होल्टची डबी.

आता गंमत म्हणजे ही डबीसुद्धा त्याच तत्त्वावर चालते. आत पट्टी, पट्टीवर तार, टोकाला एक कॉन्टॅक्ट. करंट आला, पट्टी गरम झाली, वाकली, कॉन्टॅक्ट सुटला, थंड झाली, परत चिकटला. म्हणजे बाहेर सलग १० व्होल्ट येतच नाहीत, पूर्ण १२ आणि शून्य असं आलटून पालटून येतं आणि त्याची सरासरी १० पडते. गेज स्वतःच इतकं सुस्त की त्याला ही उघडझाप कळतही नाही. ज्यांच्या गाडीत जुना एएम रेडिओ आहे त्यांना कधीकधी त्यात बारीक टक टक ऐकू येते ती या कॉन्टॅक्टचीच असते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की त्या पट्टीवरची तार गरम व्हायला तिचं दुसरं टोक बॉडीला जोडलेलं लागतं, यालाच अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात, आणि ते लागतं डबीच्या पत्र्यातून, एका स्क्रूवर. तो स्क्रू सैल झाला, गंजला, त्याखाली रंग आला, की तारेतून करंट जात नाही, पट्टी गरम होत नाही, कॉन्टॅक्ट कधी सुटतच नाही, आणि गेजना सरळ बॅटरीचं व्होल्टेज जातं. म्हणजे डबी शंभर टक्के चांगली असूनही दोन्ही काटे जास्त दाखवणार. कॉन्टॅक्ट आतून चिकटून बसला तरी हेच होणार. बाहेरून दोन्हींत काही फरक दिसत नाही, आणि म्हणूनच लोक चांगली डबी फेकून नवी आणतात.

किती जास्त दाखवणार याचा हिशोबही करून बघा. गेजमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर १० च्या जागी १४ म्हणजे १.४ पट, त्याचा वर्ग १.९६. जवळजवळ दुप्पट. अर्ध्या टाकीला काटा फुलच्या आसपास का जातो त्याचं उत्तर इथे आहे, आणि टेंपरेचर नॉर्मल असताना काटा एच ला का टेकतो त्याचंही. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं या आकड्यात इतकी चपखल बसतात की म्हणून मी नव्वद टक्के म्हणालो.

उरलेल्या दहा टक्क्यांचं असंय की मिनी खरंच तापतेही. इंजिन आडवं, रेडिएटर पुढे नसून बाजूला, त्यात माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतचं आपलं ट्रॅफिक. पेट्रोलचा काटा चुकतोय म्हणून टेंपरेचरचाही चुकतच असणार असं नुसतं गृहीत धरून कोणी इंजिन जाळून घेऊ नये. म्हणून आधी खात्री करा. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक कोणाकडून तरी मागून आणा, काटा एच ला असताना थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा. या गाड्यांचा थर्मोस्टॅट साधारण ८२ डिग्रीचा असतो, तर हाउसिंग ऐंशी-नव्वदच्या मधे दाखवत असेल तर इंजिन ठीक आहे, काटा खोटं बोलतोय. शंभरच्या पुढे गेलं तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि आधी कूलिंगचं बघा.

अजून दोन छोट्या चाचण्या, खर्च काहीच नाही. सकाळी थंड इंजिनला नुसती चावी ऑन करा, स्टार्ट करू नका. स्टॅबिलायझरचा दोष असेल तर थंड इंजिनला टेंपरेचरचा काटा खालीच राहील, कारण थंड सेंडरचा रेझिस्टन्स भरपूर असतो. थंड असतानाही काटा चढत चढत एच ला गेला तर सेंडरची वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय, ती भानगड वेगळी. दुसरी चाचणी, गाडी गरम झाल्यावर जागेवर उभी करून रेस द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, मग आयडलला सोडून हेडलाईट लावा. रेसला दोन्ही काटे हळूहळू वर आणि लाईटला हळूहळू खाली आले, तर गेजना गाडीचं कच्चं व्होल्टेज मिळतंय, यात शंका नाही.

आता प्रत्यक्ष डबीपर्यंत. बहुतेक गाड्यांत ती स्पीडोमीटरच्या पाठीवर किंवा त्याच्या आसपास पत्र्याला एका स्क्रूने लावलेली असते. हात घालायच्या आधी बॅटरी काढा, आणि इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा ज्या आजकालच्या गाड्यांवर शिकलेल्या मुलांना माहीत नसतात. एक, मिनीची बॅटरी डिकीत आणि पेट्रोलची टाकीही डिकीतच, तेव्हा डिकी उघडून दहा मिनिटं वारा लागू द्या मगच पाना लावा, पेट्रोलचा वास येत असेल तर तो आधी शोधा. दोन, १९६८ ची मिनी मूळची पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला. आपल्याला सवय आधी मायनस काढायची, इथे आधी प्लस काढायचं, कारण बॉडीला असलेलं टोकच नेहमी पहिलं काढायचं असतं. मधल्या पन्नास वर्षांत कोणी ती बदलून निगेटिव्ह अर्थ केलीही असेल, विशेषतः कोणी अल्टरनेटर बसवला असेल तर. तेव्हा पुस्तकात काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, केबल हाताने धरून बघा कुठल्या टोकाची बॉडीला जाते.

डबीवर दोन अक्षरं सापडतील, बी म्हणजे बॅटरीकडून येणारी आणि आय म्हणजे इन्स्ट्रुमेंटकडे जाणारी. मूळ वायरिंग असेल तर बी ला हिरवी, आय ला फिकट हिरवी, गेजकडून टाकीकडे हिरव्यावर काळी रेघ आणि टेंपरेचर सेंडरकडे हिरव्यावर निळी रेघ. हे मी सांगतोय खरं पण आपल्याकडे आलेल्या गाड्यांत निम्म्या वेळा सगळ्याच वायरी लाल निघतात, त्यामुळे काढण्याआधी मोबाईलवर चार फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर लिहा.

तपासायला डिजिटल मल्टिमीटर घेतलात तर तो आय वर १२, ०, ७, ११ असे काहीही आकडे नाचवेल आणि तुम्ही घाबराल, ते त्या उघडझापीमुळे आहे, डबी खराब आहे म्हणून नाही. माझ्याकडे यासाठी जुना काट्याचा मीटर आहे, पण त्याहून सोपं म्हणजे डॅशबोर्डचा छोटा बल्ब, २.२ वॉटचा. त्याला दोन वायरी सोडा, एक आय ला, एक बॉडीला, बॅटरी जोडा, चावी ऑन. चांगल्या डबीवर बल्ब आधी काही सेकंद सलग लागतो आणि मग उघडझाप करायला लागतो. कितीही वेळ सलगच लागून राहिला तर एक तर कॉन्टॅक्ट चिकटलाय किंवा अर्थ नाही. लागलाच नाही तर आधी बी ला करंट येतोय का बघा, फ्यूज बघा, येत असेल तर डबी आतून तुटलीय, पण त्या केसमध्ये तुमचे दोन्ही काटे मेलेले असते, म्हणजे ते तुमचं नाही.

बल्ब सलग लागतोय असं धरून चालू. आता एक लांब वायर घ्या, एक टोक बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला, दुसरं डबीच्या पत्र्याला घट्ट दाबून धरा आणि मिनिटभर थांबा. बल्ब उघडझाप करायला लागला तर तुमचा एक रुपयाही खर्च नाही, डबी चांगली आहे, फक्त अर्थ गेलाय. स्क्रू काढा, खालचा पत्रा आणि डबीचा पाय दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस. मी तर आता सरळ एक वेगळी काळी वायर थिंबल लावून त्या स्क्रूखाली घेतो आणि बॉडीला नेऊन बांधतो, पॅनेलच्या भरवशावर राहतच नाही. आपल्याकडे खाडीची हवा, पावसाळ्याचे चार महिने गाडी कव्हरखाली उभी, असे सुटे अर्थ दर दोन-तीन वर्षांनी परत रुसतात.

नौपाड्यातल्या एका गृहस्थांच्या हेराल्डवर हा प्रकार मी फार जवळून पाहिलाय. गाडी पूर्ण रंगवून आणलेली, पॅनेलच्या मागच्या पत्र्यालाही सुंदर जाड रंग मारलेला, आणि त्यानंतर दोन्ही काटे वर. त्यांनी एकामागून एक तीन स्टॅबिलायझर आणले, दोन इंग्लंडहून मागवलेले. माझ्याकडे गाडी आली तेव्हा मीही पहिल्या दिवशी चौथा लावून बघायच्याच विचारात होतो, ती वायर डबीला टेकवायचं दुसऱ्या दिवशी सुचलं. टेकवली आणि मिनिटभरात काटे खाली. स्क्रूखाली नखाएवढ्या जागेत रंग होता, बास. ते गृहस्थ काही बोलले नाहीत पण त्या तीन डब्या त्यांनी माझ्या टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या, तेव्हापासून मी कोणालाही नवी डबी घ्या असं आधी सांगत नाही.

अर्थ देऊनही बल्ब सलगच लागला तर मात्र डबी बदलायची. इथे तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. जुन्या पद्धतीचीच नवी डबी मिळते, ती पोलॅरिटी बघत नाही, तापणारी तार आहे, तिला प्लस-मायनसचं काही नाही. फक्त तिच्यावर टॉप लिहिलेलं असतं ते खरंच वर ठेवायचं, उभ्या रेषेपासून वीस डिग्रीपेक्षा जास्त तिरकी नको, कारण आतली गरम हवा कुठे चढते यावर पट्टीचं तापणं अवलंबून आहे. आडवी लावलेली डबी चालते, पण चुकीचं व्होल्टेज देते. आणि नवी आणली म्हणून ती बरोबरच असेल असंही नाही, बसवायच्या आधी बल्ब लावून टेबलावर बघाच.

दुसरा रस्ता इलेक्ट्रॉनिक, आणि मला स्वतःला रोज चालणाऱ्या गाडीला तोच बरा वाटतो. त्यात हलणारा कॉन्टॅक्टच नाही त्यामुळे चिकटायचा प्रश्न नाही, आणि तिरकं-आडवं कसंही लावा. पण इथे पोलॅरिटी म्हणजे सगळं काही. निगेटिव्ह अर्थ गाडी असेल तर ७८१० नावाचा तीन पायांचा आयसी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला वडापावच्या पैशात मिळतो. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत ७८१० लावलात तर चावी ऑन करताच त्याला उलटं व्होल्टेज जाऊन तो जळणार. तिथे ७९ सीरिजचा लागतो, ७९१०, आणि तो चटकन मिळत नाही, नाही मिळाला तर एलएम ३३७ दोन रेझिस्टन्स लावून १० व्होल्टवर आणता येतो. आणि लक्षात ठेवा, ७८१० चा पाठीचा पत्रा आतून मधल्या म्हणजे ग्राउंडच्या पायाला जोडलेला असतो, तो बॉडीला सरळ स्क्रूने आवळलात की अर्थही झाला आणि थंडावाही मिळाला. ७९१० आणि ३३७ चा पाठीचा पत्रा इनपुटला असतो. तो तसाच बॉडीला आवळलात तर सरळ शॉर्ट. त्याखाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकची बुश पाहिजेच. पायांचा क्रमही ७८ आणि ७९ चा वेगळा आहे, तो दुकानदाराला न विचारता डेटाशीटमध्ये बघा.

मी काय करतो, जुन्या डबीच्या कडा बारीक पक्कडीने हळूच उलगडतो, आतली पट्टी काढून टाकतो आणि आयसी त्याच डबीत बसवतो, इनपुटचा पाय बी च्या रिबेटला, आउटपुट आय च्या. ७८१० असेल तर इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरॅडचे छोटे कपॅसिटर, आयसीच्या पायाजवळच. कडा परत दाबल्या की बाहेरून गाडी मूळची ती मूळचीच दिसते. वडिलांच्या गाडीचं असं काम करताना ते मला महत्त्वाचं वाटतं, पॅनेलमागे कोणी बघणार नाही हे माहीत असलं तरी. दोन्ही गेज मिळून पाव अँपियरच्या आतबाहेर घेतात, १४ मधून १० गेले की चार व्होल्ट, म्हणजे एखादा वॉट उष्णता, ती डबीचा पत्रा आरामात सोसतो. इनपुटच्या वायरीत एक अँपियरचा छोटा फ्यूज घाला. ७८१० ला इनपुटला १० पेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे रात्री आयडलला लाईट लावल्यावर काटा किंचित खाली येईल, ते चालतं.

ही सगळी माहिती ज्यांच्या गाडीत सावकाश चढणारे काटे आहेत त्यांच्यासाठी. चावी ऑन केल्याबरोबर काटा टकन जागेवर जात असेल तर ते गेज वेगळ्या जातीचं, त्याला बहुतेक ही डबीच नसते, उगाच १० व्होल्ट द्यायला जाऊ नका. आणि सावकाश चढणारी सगळीच गेज १० ची नसतात, जुन्या अमेरिकन फोर्डमध्ये ५ व्होल्टची असतात. अजून एक, टेस्ट करायला म्हणून सेंडरची वायर काढून सरळ बॉडीला टेकवायची सवय खूप जणांना आहे. या गेजला ते करू नका, आणि स्टॅबिलायझर बिघडलेला असताना तर मुळीच नको, आतली पट्टी कायमची वाकते किंवा तार जळते. मधे ६८ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टन्स लावून टेकवा, काटा मधे कुठेतरी येऊन थांबला की गेज ठीक.

बसवून झालं की इलेक्ट्रॉनिक असेल तर आय वर मीटर लावून आयडलला आणि रेसला दोन्हीकडे १० च्या जवळ राहतंय का बघा. मग एक दिवस टाकी जवळपास रिकामी झाली की पाच-पाच लिटरने भरत जा आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. मिनीची टाकी साधारण २५ लिटरची, बारा-तेरा लिटरला काटा मधे यायला हवा. थोडा इकडेतिकडे आला तर तो फ्लोटच्या वयाचा दोष, ते वेगळं काम.

आणि तो नवीन घातलेला टेंपरेचरचा सेंडर. मेकॅनिककडून जुना परत मागून घ्या, बहुतेक जुना चांगलाच होता. नवा जर दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल तर स्टॅबिलायझर सुधारूनही टेंपरेचरचा काटा चुकणार आणि तुम्ही परत डबीवर शंका घ्याल. आज रात्री एवढंच करा, डिकी उघडून बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा आणि डबीचा स्क्रू दिसतोय का त्याचा एक फोटो काढा. ते कळलं की आयसी कुठला घ्यायचा, की घ्यायचाच नाही, ते मी नक्की सांगतो.